छतावरची फळी

“पण सही का नाही करत तुम्ही, उस्ताद? चूक काय झाली ते तरी सांगा!”

हेरंबचा आवाज चढला होता. समोर टेबलावर त्याने रंगवलेला डबा होता. जुन्या मालगाडीचा, लाकडी, बर्फात घालून मासे आणि लोणी नेणारा. खरे डबे कधीच मोडीत निघाले. हा त्यांचा वीतभर लांबीचा नमुना.

लतीफ उस्तादांनी डबा फिरवून पुन्हा टेबलावर ठेवला.

उभी हयात त्यांनी रेल्वेच्या कारखान्यात खरे डबे रंगवले होते. निवृत्तीनंतर घराच्या पडवीत ते असे नमुने रंगवायला शिकवू लागले. डब्याच्या पोटाखाली त्यांची सही असल्याशिवाय कुणा शिष्याचं काम प्रदर्शनात जात नसे. प्रदर्शन दुसऱ्या दिवशी होतं. हेरंब पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने तिथं जाणार होता आणि त्यासाठी त्याने तीन वर्षं घासली होती.

“या बिजागऱ्या बघा. एकेक भिंगाखाली रंगवलीय. अक्षरं बघा. एकाची तरी कड फाटलीय?”

“बघितलं.”

“मग?”

“चांगलं आहे.”

“मग करा ना सही!”



काम देखणं होतं, यात वाद नाही. दुर्दैवाने हे हेरंबलाही ठाऊक होतं, आणि गेले पंधरा दिवस त्याने गल्लीत डंका पिटल्यामुळे कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यालाही ठाऊक झालं होतं.

उस्तादांनी डब्याच्या छतावर बोट ठेवलं. तांबड्या छताच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक अरुंद फळी होती. तीही तांबडी. चकचकीत.

“हिच्यावर काय करायचे?”

“माणसं चालायची. बर्फाच्या लाद्या घेऊन. टोकाच्या झाकणांतून आत टाकायची.”

“ओल्या पायांनी.”

“हो.”

“मग का रंगवलीस?”

“कोरी होती म्हणून. सगळा डबा रंगवायचा आणि तेवढीच फळी कोरी ठेवायची? ओंगळ दिसत होती.”

“मी दिलेल्या फोटोत कशी होती?”

“कोरीच. मला वाटलं, रंगाऱ्याने अंगचोरपणा केला असेल.”

उस्तादांच्या कपाळाची शीर तट्ट फुगली.

“तो रंगारी मी होतो.”

हेरंबने जीभ चावली. पण लगेच माघार घेतली तर तो हेरंब कसला!

“बरं, चुकलो. पण एवढ्याशा फळीसाठी...”

“खरवड.”

“खरवडताना छताचा रंग जाईल. पुन्हा दोन हात द्यायचे, वाळायला दोन दिवस. प्रदर्शन उद्या आहे, उस्ताद!”

“खरवड म्हटलं ना!”

“नाही खरवडणार!” हेरंबने टेबलावर मूठ आपटली. “तुम्हाला माझं कौतुक बघवत नाही, असं सरळ सांगा की! तीन वर्षं तुमची बोलणी खाल्ली. आता एका फळीवरून अडवता? अहो, खेळणं आहे हे! कोण चालणार आहे त्याच्यावरून?”



उस्तादांनी खण ओढला. आतून नखाएवढा शिशाचा माणूस काढला. गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्यावर गोणपाट, त्यावर बर्फाची लादी. चेहरा रंगवायचा राहिलेला.

भांड्यात बोटं बुडवून त्यांनी फळीवर पाणी शिंपडलं. माणूस फळीवर उभा केला.

इंजिन जोडताना बसतो तसा एक धक्का त्यांनी डब्याला दिला. फार जोराचा नव्हे.

माणूस घसरला. फळीवरून छतावर आला, छताच्या उतारावरून थेट कडेला, आणि टेबलाच्या बाहेर गेला.

हेरंबने झडप घातली. त्याचा कोपर डब्याला लागला, डबा आडवा झाला. जमिनीपासून दोन बोटांवर त्याने त्या माणसाला तळहातात झेललं.

उस्ताद त्याच्याकडे बघत राहिले. राग अजून उतरला नव्हता.

“खेळणं ना...?” ते म्हणाले. “मग हात कशाला पुढे केलास?”