सुविचाराखालचं नाव

वेंगुर्ल्याच्या नाबर मॅडम अकोल्याकडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला आल्या. त्यांच्या कोकणी हेलाला पोटभर हसून झाल्यावर स्टाफरूममध्ये त्यांच्याशी बोलायला कोणाकडे काही उरलं नाही. मधल्या सुट्टीत त्या खिडकीशी एकट्याच डबा खात.

मुख्याध्यापक गावंडे सर रोज प्रार्थनेआधी फळ्यावर इंग्रजी सुविचार लिहीत आणि खाली झोकात स्वतःचं नाव घालत. एकदा त्यांनी लिहिलं, 'हार्ड वर्क इज सुपीरियर दॅन लक.' सुपीरियरच्या पुढे दॅन चालत नाही, टू लागतो. मॅडमना राहवलं नाही. त्यांनी 'दॅन' पुसून 'टू' लिहिला.

प्रार्थना संपली आणि सरांची नजर फळ्यावर गेली. सगळ्या शाळेदेखत ते कडाडले, "माझं नाव खाली असताना खाडाखोड करता? इथं मुख्याध्यापक कोण आहे?"

बाकीचे शिक्षक खाली बघू लागले. मॅडमच्या बाजूने कोणी बोलणार नव्हतंच.

"तुमचं नाव होतं म्हणूनच केली, सर," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "'दॅन' तसाच ठेवायचा असता, तर तुमचं नाव पुसून माझं लिहिलं असतं."

मुलं खुदकन हसली. सरांनी वाक्याकडे पाहिलं, नावाकडे पाहिलं आणि मुलांना वर्गात पाठवलं.

मधल्या सुट्टीत खिडकीशी कोणीतरी खुर्ची ओढली. गावंडे सर होते.

"उद्यासाठी एक वाक्य काढलंय," ते घसा खाकरत म्हणाले. "बरोबर आहे का?"

मॅडमनी डबा त्यांच्यापुढे सरकवला. या गावात आल्यापासून त्यांना काही विचारून उत्तरासाठी थांबलेला तो पहिलाच माणूस होता.