हौद्यातली माती

सन १९९४. होळी होऊन चार दिवस झाले होते. ऊन तापायला लागलं होतं.

“...मग ही माती बदलणार का नाही, वस्ताद?”

विचारणारा निवास जगदाळे, आमच्या तालमीतला सगळ्यात तगडा मल्ल. पाडव्याच्या जत्रेतली मोठी कुस्ती त्याच्या नावावर लागली होती. ज्यांना विचारलं ते दस्तगीर वस्ताद. वय सत्तर.

“काय झालं मातीला?”

“महिना झाला, अंग खाजतंय. रात्री डोळा लागत नाही. पुरळ नाही, अंगावर गांधी उठत नाहीत, काही दिसत नाही. म्हणजे मातीच खराब.”

हळद, ताक, तेल घालून ती माती मी मळली होती.

वस्तादांनी सदरा काढला. कुस्तीच्या हौद्यात उतरले. आडवे झाले. मूठ मूठ माती छातीला चोळली आणि तसेच पडून राहिले...



“मला नाही खाजत.”

“तुमची कातडी म्हशीची, वस्ताद.”

निवास हसला. एकटाच.

वस्ताद उठले. हात धुतले. अंगठ्यानं निवासची खालची पापणी ओढली. पांढरं असायचं तिथं पिवळं होतं.

“लघवी?”

“...कोऱ्या चहासारखी.”

“ताकदीची सुई कोण देतं?”

निवासनं मान खाली घातली.

“सगळेच घेतात, वस्ताद.”

“तुला विचारलं.”

“...दोन महिने झाले.”

“अंगावर काही नाही आणि खाज सुटते, तेव्हा ती बहुतेक आतनं येते. कुणाला लिव्हरनं, कुणाला किडनीनं, कुणाला साखरेनं. एखाद्याची नुसती कातडी कोरडी पडलेली असते. तुझे डोळे पिवळे आहेत. आजच तालुक्याच्या दवाखान्यात जा. रक्त तपासून घे. सुई बंद. लंगोट खुंटीला.”

“अकरा दिवस राहिलेत. नाव छापलंय माझं.”

“छापू दे.”

“आधी कुस्ती मारतो. दवाखाना कुठं पळून जातोय?”

वस्ताद अंगावरची माती झाडत राहिले...

निवासनं लंगोट कसला. दंड थोपटले. मग त्याचा आवाज जरा खाली आला.

“तुम्ही येणार ना, वस्ताद?”

“कुस्तीला नाही. मातीला येईन.”