द्वारकाकाकूंची नोटीस

आमच्या तांबट गल्लीतलं सगळं माझ्या खिडकीला आधी कळतं. पण 'वाहने थांबवू नयेत' हे मात्र पाट्या लागल्यावरच कळलं. समोरच्या द्वारकाकाकूंचे यजमान अण्णा, त्यांचं डायलिसिस चालू. दाराशी येणारी रिक्षा आता नाक्यावरच थांबू लागली. तिथवर अण्णांना खुर्चीत बसवून उचलून न्यावं लागे. गल्ली बघायची आणि ते लाजून डोळे मिटून घ्यायचे.

आम्ही बायका नगरपालिकेत गेलो. मुख्याधिकारी तुंगारेसाहेब म्हणाले, "हरकती मागवल्या होत्या. नोटीस इथेच वरच्या मजल्यावर लावली होती. एकही हरकत आली नाही, म्हणजे तुमची संमतीच."

काकू आमच्याबरोबर घरी परतल्या.

पुढच्या महिन्यात एका सकाळी साहेबांची गाडी पालिकेच्या फाटकातच अडली. त्यांच्या जागेवर रिक्षा उभी होती. आत अण्णा, बाहेर काकू.

"अहो बाई, ही जागा माझी आहे!"

"होती, साहेब. आम्ही पण हरकती मागवल्या होत्या. तुमची काही आली नाही."

"कुठे लावली होती नोटीस?"

"आमच्या न्हाणीघराच्या दारावर."

"तिथे मी कशाला येईन वाचायला?"

"मग आम्ही तरी तुमच्या वरच्या मजल्यावर कशाला येणार होतो?"

फाटकाशी जमलेली माणसं हसली. त्याच आठवड्यात पाट्या निघाल्या.

अण्णा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. शववाहिनी थेट दाराशी येऊन थांबली. काकूंनी डोळ्याला पदर लावला आणि माझा हात धरून म्हणाल्या, "निदान आज ह्यांना खुर्चीतून नाही न्यावं लागलं गं."