झापड

"पण लोक विकत का घेत नाहीत, महाराज?"

श्रीरंग टिपरे हा प्रश्न गेली दोन वर्षं विचारत होता. आधी स्वतःला, मग भागीदारांना, आणि आता कुठेच उत्तर मिळेना म्हणून माळावरच्या मठात अचलनाथ महाराजांना. अडला हरी म्हणतात तसंच, फक्त पाय गाढवाचे नव्हते.

महाराज घाण्याच्या आडव्या लाकडावर बसले होते. मठाच्या दिव्यांचं तेल मठातच निघे. बैल गोल फिरत होता, त्याच्यासोबत महाराज फिरत होते, आणि आपलं म्हणणं सांगायला श्रीरंगलाही मागोमाग फिरावं लागत होतं. याचाही त्याला राग आला होता.

"दुकानात दाखवलं की वाहवा करतात," तो म्हणाला. "खुर्चीत बसून हिमालय दिसतो. बर्फाला हात लावायला जातात माणसं. पाच मिनिटं हसतात, ओरडतात... आणि काढून ठेवतात. कुणाला गरगरतं, कुणाची मान दुखते. पुन्हा कुणी मागत नाही. विकत घेणं तर लांबच."

"नाव काय याचं?"

"हेडसेट. नव्या जगाची खिडकी, असं लिहितो आम्ही जाहिरातीत."

"बघू."

श्रीरंगनं पिशवीतून ती काळी, पट्ट्याची पेटी काढून दिली. महाराजांनी उलटीपालटी करून पाहिली. पट्टा ताणून पाहिला.

"झापड आहे की रे."

श्रीरंगला हे चांगलंच झोंबलं. परदेशात जाऊन भाषणं ठोकून आलेला माणूस तो, आणि त्याच्या खिडकीला हे झापड म्हणणार. समोर बैलाच्या डोळ्यांवर कातड्याची झापडं बांधलेली होतीच. ती दिसू नयेत म्हणून त्यानं मान वळवली.

"बैलाला काही दिसू नये म्हणून झापडं असतात, महाराज. यात सगळं दिसतं."

"त्यालाही दिसत असेल. नाहीतर एवढा चालला असता का?"

...

"मला सांग," महाराज म्हणाले, "ही झापडं बाजारातून कुणी आणली?"

"तुम्हीच आणली असतील."

"बैलानं का नाही आणली?"

श्रीरंगला हसू आलं नाही. मग ज्यासाठी तो आला होता ते त्यानं सांगून टाकलं.

"गिऱ्हाईक मिळालंय. एकच, पण सगळा माल उचलणार. शहराबाहेर वृद्धाश्रम आहे, त्याचे संचालक तुमचे भक्त आहेत. महाराज हो म्हणाले तर घेतो म्हणाले. नाहीतर कंपनीला टाळं लागेल."

"म्हातारी माणसं मागतायत?"

"माणसं नाही... संचालक."

महाराजांनी बैल थांबवला.

"त्यांना कसं कळलं, चालेल म्हणून?"

श्रीरंग पायाखालची पेंड बघत राहिला.

"आई तिथंच असते."

महाराज खाली उतरले. सरूबाई टिपरे याच घाण्यावर करडईचं गाठोडं घेऊन यायची. डोक्यावर गाठोडं, आणि एका हाताच्या बोटाला धरलेला श्रीरंग.

...

"घरी कोण बघणार तिला?" श्रीरंग भराभर बोलू लागला. "बायको नोकरीला, मी कंपनीत. तिथं सगळी सोय आहे. पण ही रोज दुपारी फाटकापाशी जाऊन बसायची, माझी वाट बघत. जेवायलाही उठायची नाही. म्हणून तिच्यासाठी एक फिल्म केली. आपलं गावचं घर, घराचा ओटा, आणि ओट्यावर मी. मी बोलतो तिच्याशी. आता ती फाटकाकडे जात नाही. मला फोनही करत नाही. संचालकांनी हेच पाहिलं. म्हणाले, सगळ्यांना असाच एकेक मुलगा करून द्या."

हे शेवटचं वाक्य तो अभिमानानं सांगणार होता. रस्ताभर तसंच घोळवत आला होता. तोंडातून निघालं तेव्हा मात्र ते त्यालाच कडू लागलं, आणि ते कडूपण त्यानं महाराजांवर काढलं.

"तुम्हीही बांधताच की झापडं. मठाच्या दिव्यांसाठी."

"बांधतो," महाराज म्हणाले. "म्हणून तर ओळखली."

त्यांनी बैलाची झापडं सोडली. बैल होता तिथंच उभा राहिला. समोर तीच माती, त्याच्याच खुरांनी उकरलेली.

महाराज मठाच्या ओट्यावर येऊन बसले.

"बांध मला."

"कशाला, महाराज?"

"बांध. सरूला दाखवतोस तेच दाखव."

श्रीरंगनं पट्टा आवळला आणि फिल्म सुरू केली. ती त्याला तोंडपाठ होती. दोन बैठकांच्या मधल्या वेळेत, ऑफिसातल्या हिरव्या पडद्यासमोर बसून त्यानं ती बोलून टाकली होती. ओटा मागाहून चिकटवला होता. पेटीतून त्याचाच आवाज आला.

"आई, जेवलीस का? मी आलोय बघ."

महाराजांचा चेहरा खुलला.

"जेवले रे राजा," ते हळूच म्हणाले. "किती वाळलास तू."

पेटीतला श्रीरंग हसला. तिथं हसायचंच ठरलं होतं.

"राहशील ना आज? भाकरी टाकते..."

"बस निवांत," पेटीतला श्रीरंग म्हणाला. "मी आहे इथंच."

महाराज पुढे सरकले. त्यांचा हात उठला आणि समोरच्या हवेत काहीतरी चाचपडू लागला. गाल असतो तेवढ्या उंचीवर.

श्रीरंगला पुढचं ठाऊक होतं. आता फिल्म संपणार, आणि पुन्हा पहिल्यापासून, जेवलीस का. असाच हात रोज दुपारी तिथं उठत असेल, हे त्यानं कधी मनात येऊ दिलं नव्हतं. तो गुडघ्यांवर बसला आणि तो चाचपडणारा हात त्यानं दोन्ही हातांत घट्ट धरला.

"मी इथं आहे... मी श्रीरंग."

महाराजांनी हात झटकून सोडवून घेतला.

"कोण आहे रे मधेच? गप बस जरा. माझा श्रीरंग बोलतोय."