चोराने निवडलेली आळी

एका बंदरात एक राणी राज्य करीत होती. 'सगळेच असे म्हणतात' हे कारण तिला कधीच पुरेसे वाटत नसे. त्यामुळे दरबारात तिचा आदर पुष्कळ होता आणि धास्ती त्याहून अधिक.

एके वर्षी बंदराच्या पेठेत चोऱ्या वाढल्या. आज कुणाची घागर जाई, उद्या कुणाची समई. अखेर चोर सापडला, पण पहारेकऱ्यांच्या हुशारीने नव्हे. मसाल्याच्या दुकानात शिरला असता त्याला शिंक आवरली नाही म्हणून. तो कोठडीत गेला, तरी प्रधानजींचे समाधान होईना.

"हा गेला, दुसरा येईल," ते म्हणाले. "चोराचा खरा वैरी उजेड."

त्यांनी सराफ आळीत उंच खांबांवर मोठमोठे दिवे लावून घेतले. दिव्यांना चकचकीत तांब्याच्या तबकड्या होत्या. उजेड चहूकडे फाके आणि वर आभाळातही चढे. लोक लांबून पाहायला येत आणि म्हणत, "दिवा असावा तर असा." हेच दिवे साऱ्या गावात लावायचे, असे प्रधानजींनी जाहीर करून टाकले.

तेवढ्यात कोळ्यांची पाटलीण दरबारात येऊन उभी राहिली.

"बाय, टेकडीच्या माथ्यावर ध्रुव धरून आमच्या होड्या खाडीत शिरतात. तसं शिरलं की बुडीत खडक डाव्या हाताला राहतो. आता टेकडीवर तुमच्या दिव्यांचा नुसता पांढरा धुरळा दिसतो. माझ्या धाकट्या दिराची होडी खडकावर फुटली. माणसं पोहून आली, हे दर्याचे उपकार. आता सगळे खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून उजाडायची वाट बघतात, नि मासळी सडते. गावभर हेच दिवे लागणार असतील, तर आम्ही दुसरं बंदर बघतो."

"म्हणजे तुमच्या होड्यांसाठी साऱ्या पेठेने अंधारात बसायचं?" प्रधानजींनी विचारले.

"अंधार कोण मागतंय? पाय जमिनीवर पडतात ना, प्रधानजी? मग उजेड आभाळात कशाला सांडता?"

राणीने लगेच कुणाचीच बाजू घेतली नाही. तिने तांबटाला बोलावले आणि शेजारच्या कासार आळीसाठी वेगळे दिवे घडवायला सांगितले: खांब बुटका, वात लहान, आणि वर तांब्याची खोल टोपी, उजेड केवळ वाटेवर पडावा अशी.

तांबट डोके खाजवीत म्हणाला, "राणीसाहेब, टोपी घातल्यावर दिवा दिसायचा कसा?"

"दिवा दिसायला नको आहे. दिव्याने दिसायला हवे आहे."

दिवे लागले आणि पेठेत हसू पिकले. "दिव्यांना पडसं झालंय," कुणी म्हणाले, "म्हणून कानटोप्या घातल्यात."

राणीने मग कोठडीतून चोराला आणवले आणि सर्वांसमक्ष अट घातली. "दोन्ही आळ्या धक्क्यावर निघतात. दोन्हींत पहारा सारखाच आहे. तिन्हीसांज सरली की यांतल्या एका आळीतून ये. न दिसता पोहोचलास तर सुटलास. दिसलास तर शिक्षा दुप्पट. आळी तू निवड."

"यात परीक्षा कसली?" प्रधानजी हसले. "तो कानटोप्यांच्या आळीतूनच येणार."

चोराने दोन्ही आळ्या बराच वेळ निरखल्या. बाकीच्यांना ही करमणूक होती; त्याची सुटका पणाला लागली होती.

"सराफ आळी," तो म्हणाला.

प्रधानजींनी खुशीत त्या आळीतले पहारेकरी खांबांच्या मधोमध उभे केले आणि स्वतः धक्क्यावर राणी नि पाटलीण होत्या तिथे जाऊन बसले. पहारेकरी डोळ्यांवर हात धरून इकडेतिकडे पाहत राहिले.

"आला का रे?" प्रधानजींनी धक्क्यावरून विचारले.

"छे, चिटपाखरू फिरकलं नाही."

इतक्यात प्रधानजींच्या डोक्याला गार वारा लागला. त्यांनी वळून पाहिले. मागे चोर उभा होता आणि त्याच्या हातात त्यांचे पागोटे होते.

"कसा आलास?" राणीने विचारले.

"या खांबाआडून त्या खांबाआड, बाईसाहेब. उजेड डोळ्यांत इतका घुसतो, की पहारेकऱ्याला पलीकडचं काही दिसत नाही; आणि खांबामागची सावली पडते काजळासारखी. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो इथे मुद्दाम मांडून ठेवलाय. आमच्या धंद्याला याहून सोयीची आळी नाही."

"एका प्रयोगावर मी निकाल देत नाही," राणी म्हणाली. "सुटका तू मिळवलीस. आता दुसऱ्या आळीतून ये. पोहोचलास तर हे पागोटेही तुझे."

प्रधानजी काही बोलणार होते. पण उघड्या डोक्याने बोलणे त्यांना प्रशस्त वाटेना.

चोराने मनापासून शर्थ केली. भिंतीला चिकटून, श्वास रोखून तो कासार आळीत शिरला. तोंडाशीच पहारेकरी म्हणाला, "या, या. डाव्या पायात काटा गेलाय वाटतं? लंगडताय."

हशा ओसरल्यावर राणीने सराफ आळीतले दिवे मालवायला सांगितले. पांढरा धुरळा विरला. टोप्यांखालचा मंद उजेड पायऱ्या आणि माणसांचे चेहरे दाखवीत राहिला, आणि टेकडीच्या माथ्यावर ध्रुव स्पष्ट उभा राहिला.

"बाय," पाटलीण हलकेच म्हणाली, "ते बघा."

खाडीच्या तोंडाशी नांगर उचलले गेले होते. एकामागे एक शिडे आत येत होती, खडकाला डावीकडे टाकून, सरळ रेषेत. सर्वांत पुढे, उसनी होडी हाकत, पाटलिणीचा धाकटा दीर होता. धक्क्यावर शंख वाजले, बायका टोपल्या घेऊन धावल्या, आणि त्या रात्री बंदरात प्रत्येक चुलीवर ताजी मासळी शिजली. पागोटे परत मिळाल्यावर प्रधानजींनीही दोन वेळा कालवण मागून घेतले.

पुढे सगळ्या आळ्यांत टोपीचे दिवे लागले. रात्री पेठ बंद झाली की विहीर आणि धक्का यांपुरतेच ते तेवत. सराफ आळीतले मोठे दिवे शेजारच्या राजाने हौसेने मागून नेले आणि आपल्या नगरीत वाजतगाजत उभारले.

ते कळताच चोराने गाठोडे बांधले आणि त्या नगरीची वाट धरली.

तात्पर्य: दिवा निवडताना दिव्याकडे नव्हे, वाटेकडे पाहावे. जो उजेड वाटेवर पडत नाही, तो वाटसरूला उपयोगी पडत नाही आणि आभाळ मात्र पुसून टाकतो.