राणीनं खुडलेल्या कळ्यांची कहाणी

ऐक रानआई, तुझ्या गुलालीची कहाणी. आयाबायांनो, हातात अक्षता घ्या, तुम्हीही ऐका.

आटपाट नगर होतं, डोंगराच्या माथ्यावर, ढगांच्या शेजाराला. तिथं चित्रसेन राजा राज्य करी. राजाला राणी एक, तिचं नाव पद्माळ. लेक एक, तिचं नाव ताराऊ. घरात राजाची म्हातारी आई, आणि आईजवळ एक झाड.

झाड केवढं? हातभर उंचीचं. खोड मनगटाएवढं जाड, फांद्या मोठ्या वृक्षासारख्या पसरलेल्या, आणि सगळं एका उथळ दगडी कुंडीत मावलेलं. तुम्ही आता त्याला अझेलियाचं बोन्साय म्हणता. तेव्हा त्याला गुलाली म्हणत. राजाच्या पणजीनं ते रानातून आणलं होतं. चैत्र आला की असं फुलायचं, की औषधाला पान दिसायचं नाही.

एके वर्षी सीमेवर शत्रू आला. राजा लढायला गेला. इकडे म्हातारी थकली, अंथरुणाला खिळली. तिनं सुनेला जवळ बोलावलं. म्हणाली, "मुली, माझ्यामागं गुलालीचा वसा तू घे."

"सासूबाई, वसा कसा करावा?"

"फुलं कोमेजू लागली की सगळी आपल्या हातानं खुडावी, बी धरू देऊ नये. मग वैशाखात छाटणी करावी. खालच्या फांद्या दांडग्या, तिथं धीट हात चालवावा. शेंडा नाजूक, तिथं हळू हात. आषाढ लागला की कात्री ठेवून द्यावी. पुढल्या चैत्राच्या कळ्या तेव्हाच धरतात. आपल्याला दिसत नाहीत, झाडाला ठाऊक असतात. पाणी घालावं पावसाचं, रांजणात साठवलेलं. विहिरीचं नको, आपल्या विहिरीला चुना आहे. माती घालावी रानातल्या कुजक्या पानांची. राख घालू नये. मुळं सुकू देऊ नयेत, पाण्यात बुडवूही नयेत. उन्हात सावली करावी, थंडीत आडोसा करावा. आणि झाड थकलेलं असलं, तर फुलांचा लोभ धरू नये."

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर झाड रुसेल. रुसलं म्हणून टाकू नकोस. उतायचं नाही, मातायचं नाही, हाती घेतलेलं अर्ध्यात सोडायचं नाही."

राणी हो म्हणाली. म्हातारीनं समाधानानं डोळे मिटले. राजा सीमेवरच होता. त्याला आईचं शेवटचं दर्शन घडलं नाही.

मग चैत्र आला. गुलाली फुलली. नगरातल्या बायका बघायला आल्या. "राणीसाहेब, काय हात आहे तुमचा!" म्हणाल्या. राणीला ते गोड वाटलं. हात सासूचा होता, हे ती विसरली. फुलं कोमेजू लागली. दासी म्हणाली, "बाईसाहेब, फुलं खुडायची वेळ झाली." राणी म्हणाली, "थांब ग, माझी बहीण यायची आहे, तिला दाखवू दे." बहीण आली, बघून गेली. फुलं तशीच सुकली. झाडानं बी धरलं, सगळा जीव बियांत घातला.

मग वैशाख आला. दासी म्हणाली, "बाईसाहेब, छाटणीची वेळ झाली." राणी म्हणाली, "एवढं देखणं झाड, त्याला कात्री कशी लावू?" वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. फांद्या वेड्यावाकड्या सुटल्या.

मग आश्विन आला. दसऱ्याला पाहुणे यायचे होते. राणीनं झाडाकडे पाहिलं, तिला लाज वाटली. कात्री घेतली आणि सगळीकडून गोल कातरलं. झाड लाडवासारखं सुबक दिसू लागलं. पाहुण्यांनी वाखाणणी केली. पण त्या कातरलेल्या टोकांत पुढल्या वर्षीच्या कळ्या होत्या. त्या केरात गेल्या.

पुढं चैत्र आला. कोकिळा ओरडली. गुलालीला एक फूल आलं नाही. राणी घाबरली. कोणी म्हणालं, "चुलीची राख घाला." तिनं राख घातली. कोणी म्हणालं, "तहानलं असेल." रांजण रिकामा होता, तिनं विहिरीचं पाणी ओतलं. सकाळी ओतलं, दुपारी ओतलं, संध्याकाळी ओतलं. पानं पिवळी पडली, मग गळू लागली.

अशात राजा लढाई जिंकून परत आला. त्यानं पाय धुतले नाहीत, पाणी घेतलं नाही. आधी आईच्या दालनात गेला. तिथं आई नव्हती, आणि आईचं झाड काटकीसारखं उभं होतं.

"राणी, हे काय?"

राणी खाली वाकून गळलेली पानं वेचू लागली.

"माझ्या आईचं एवढंच मागं राहिलं होतं. तेही तुला राखता आलं नाही?" राजाचा आवाज चढला. "जिथून हे आलं त्या रानात घेऊन जा. झाड फुललं म्हणजे ये. तोवर तोंड दाखवू नकोस."

ताराऊनं आईच्या कमरेला मिठी घातली. दासींनी ती सोडवली. राणीनं अंगावरचे दागिने उतरवले, कुंडी कडेवर घेतली आणि राजवाड्याबाहेर पडली.

चालता चालता रान लागलं. एका ओढ्याशी येऊन बसली. हात भरून आले, पाय सोलवटले. मनात म्हणाली, "मेलेलं झाड कुठवर वाहू? इथंच सोडावं आणि आपणही ओढ्यात उतरावं." तोच एक म्हातारी आली. पाठीवर पाल्याचा भारा, अंगावर जुनेर.

"कां ग बाई, रडतेस कां?"

"आजी, मी या नगराची राणी. माझ्या हातून झाड मेलं."

म्हातारीनं भारा खाली ठेवला. खोडाला नखानं जरासं खरवडलं. आत हिरवी रेघ दिसली.

"मेलेलं नाही. उपाशी आहे."

"मग मी काय करू, सांगा."

"मी कशाला सांगू? तुला कुणी सांगितलंच नव्हतं?"

राणीनं कुंडीकडे पाहिलं. मग तिला सासूचं बोलणं आठवलं. पहिल्यांदा एक शब्द आठवला, मग दुसरा, मग सगळंच. सासू सांगत होती तेव्हा आपलं अर्धं लक्ष दाराकडे होतं, तेही आठवलं. ती मोठमोठ्यानं रडली. मग डोळे पुसून उठली.

म्हातारीची एक झोपडी होती. तिथं राणी राहिली. तिनं झाड कुंडीतून काढलं, मुळांतली राखेची माती ओढ्याच्या पाण्यात हळूहळू धुतली, कुजलेली मुळं काढली. म्हातारीच्या भाऱ्यातली काळी पानमाती भरली. वाळक्या फांद्या छाटल्या. खाली धीट हात, शेंड्याला हळू हात. मग झाड सावलीत ठेवलं आणि वाट पाहिली.

पाऊस लागला. तिनं कुंडी दोन दगडांवर उचलून ठेवली, पाणी साचू दिलं नाही. कोवळी पालवी फुटली. आषाढ लागला, तिनं कात्री म्हातारीच्या हाती दिली. म्हणाली, "आजी, मी मागितली तरी देऊ नका." आश्विनात एक फांदी भलतीकडेच वाढली. राणीचा हात शिवशिवला. तिनं हात पदराखाली घेतला. थंडी पडली, गवतावर हिव साचलं. तिनं आपली घोंगडी कुंडीभोवती गुंडाळली, आणि आपण चुलीजवळ जाऊन बसली.

फाल्गुन आला. एके सकाळी तिनं पाहिलं, तर फांद्यांच्या टोकांना कळ्या! टपोऱ्या, लालसर, मिटलेल्या. राणीला काय करू आणि काय नको असं झालं.

त्याच दिवशी राजाचा शिपाई खबर काढायला आला. त्यानं कळ्या पाहिल्या, त्यालाही आनंद झाला. "राणीसाहेब, पाडव्याला मेणा घेऊन येतो. ताराऊताई रोज वेशीपर्यंत येऊन या वाटेकडं बघत उभ्या राहतात." एवढं बोलून तो गेला.

राणी पुन्हा झाडाशी बसली. आता तिनं नीट पाहिलं. पानं मोजकी, नव्या काड्या सुतासारख्या बारीक. आणि कळ्या एवढ्या!

"आजी, हे फुलेल ना?"

"फुलेल की. नगरभर गाजेल असं फुलेल."

"आणि मग?"

"मग जाईल. अंगात तेवढाच जीव आहे, तो फुलांत घालील." म्हातारी चूल फुंकत म्हणाली, "पण तुझं काय अडलं? राजानं फुललं म्हणजे ये म्हटलंय. पुढं जगलंच पाहिजे असं कुठं म्हटलंय?"

राणी दिवसभर बसून राहिली. जेवली नाही, उठली नाही. डोळ्यांसमोर वेशीत उभी ताराऊ दिसे. कळ्यांकडे बघे, आणि पुन्हा ताराऊ दिसे. उन्हं कलली तेव्हा तिनं हात पुढं केला. एक कळी खुडली. मग दुसरी खुडली. मग सगळ्या खुडल्या. एकेक खुडताना तिच्या तोंडून लेकीचं नाव निघत होतं.

पाडव्याला शिपाई मेणा घेऊन आला. झाडाला फूल नाही, कळी नाही. तो तसाच परतला आणि राजाला सगळं सांगितलं.

"कळ्या गेल्या कुठं?" राजानं विचारलं.

"राणीसाहेबांनी स्वतः खुडल्या."

"वेड लागलं का तिला?"

"महाराज, मीही विचारलं. म्हणाल्या, फुललं असतं तर मी घरी आले असते, पण झाड आलं नसतं. म्हणाल्या, सासूबाईंचं झाड मी एकदा मारायला निघाले होते. घरी जायच्या घाईनं पुन्हा मारणार नाही."

राजा उठला. लेकीचा हात धरला आणि पायीच रानाची वाट धरली.

झोपडी दिसली तशी ताराऊ हात सोडवून धावली. मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. राजा दूर उभा राहिला. मग जवळ येऊन म्हणाला, "राणी, आईच्या शेवटच्या वेळी मी जवळ नव्हतो. तो राग माझा माझ्यावर होता, काढला तुझ्यावर. घरी चल. झाड फुलो, न फुलो."

राणी म्हणाली, "महाराज, येईन. पण आत्ता नाही. याची मुळं आत्ता कुठं धरलीत. डोंगर चढताना हिसके बसले तर पुन्हा तुटतील. पाऊस सरू दे."

राजा म्हणाला, "मग आम्हीच इथं राहतो." प्रधानाला निरोप धाडला, कारभार बघ म्हणून.

मग राजा पानमातीचे भारे वाहू लागला. ताराऊ द्रोणानं पाणी घालू लागली. श्रावणात एक फांदी राजाच्या डोळ्यांत खुपली. त्यानं कंबरेची सुरी काढली. ताराऊ ओरडली, "आबा, आषाढ होऊन गेला! आता हात लावायचा नाही!" राजानं गुपचूप सुरी म्यान केली. राणी हसली. रानात आल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

पाऊस सरला. झाड पानांनी भरलं, काड्या जाड झाल्या. निघायचा दिवस आला. राणी म्हातारीच्या पाया पडली. "आजी, आमच्याबरोबर चला."

"मी रान सोडून कुठं येऊ, बाई? एक ऐक. छाटलेल्या काड्या टाकू नकोस. ओल्या पानमातीत लाव, सावलीत ठेव, मूळ फुटलं की मागेल तिला दे. एकटीनं मिरवू नकोस."

राणीनं मान वर केली. म्हातारी नव्हती. नुसता ओल्या पाल्याचा वास दरवळत होता. तेव्हा राणीनं ओळखलं, ही रानआई. तिघांनी हात जोडले आणि घरची वाट धरली.

पुढल्या चैत्रात गुलाली फुलली. खालच्या फांदीपासून शेंड्यापर्यंत फुलली. राजा आईच्या दालनात जाऊन झाडासमोर बसला. आईसाठी तो तेव्हा कुठं पोटभर रडला, आणि मोकळा झाला.

राणीनं वैशाखातल्या छाटणीच्या काड्या पानमातीत लावल्या. मूळ फुटलं तशा बायका आल्या. माळीण आली, सोनारीण आली, बुरडीण आली. राणीनं एकेकीला रोप दिलं, आणि रोपाबरोबर सासूचे शब्द दिले. कुणाचं दोन वर्षांनी फुललं, कुणाचं चार वर्षांनी. कुणी राख घालून रडत आली. तिला राणीनं रागावलं नाही, जवळ बसवून मुळं धुवायला शिकवलं. अशी ती गुलाली उंबऱ्याउंबऱ्याला गेली.

रानआई जशी पद्माळ राणीला पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. आपल्या उघड्या फांदीला कळी धरो. जिला राखायची आहे तिला राखायची बुद्धी होवो, जिला खुडायची आहे तिच्या हाताला बळ येवो, आणि वेशीत वाट बघणारीला तिचं माणूस भेटो. ही साठां उत्तरांची कहाणी पांचां उत्तरी सांगितली, ऐकणारीच्या अंगणी सुफळ होवो, संपूर्ण होवो.