चेअरमनचा गुलाबी रंग

दूध संघाची निवडणूक जिंकताच चेअरमन हिंदुरावांनी हुकूम सोडला, "संघाची वेबसाइट आपल्या पॅनेलच्या गुलाबी रंगात करा. पुन्हा कुणाला रंग बदलता येता कामा नये. नाहीतर काम दुसऱ्याला देतो."

वेबसाइट सांभाळणारी रेवती काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. दर निवडणुकीला साठ पानं कोण रंगवत बसणार? तिने वेबसाइटवर रंग निवडायची एक चौकट केली. तिथे रंग निवडला की सगळी पानं आपोआप त्या रंगाची होत.

संचालकांच्या बैठकीत ती चौकट पाहून हिंदुराव भडकले. "म्हणजे उद्या कुणीही बदलेल."

"नाही साहेब, चेअरमनच्या खुर्चीवर बसेल त्यालाच बदलता येईल," रेवती म्हणाली. "तिथे दुसरं कुणी बसेल, असं वाटतंय का तुम्हाला?"

सगळे संचालक हिंदुरावांकडे बघू लागले. हिंदुरावांनी घसा खाकरला आणि स्वतःच्या हाताने गुलाबी निवडला.